गगनयानाची 'सुप्रमा'

'सुप्रमा' हा शब्द शब्दकोशात शोधू नका. अकोला, बुलढाणा, अमरावतीकडच्या चहाच्या टपरीवर तो रोज ऐकू येतो. सुधारित प्रशासकीय मान्यता, तिचं हे लाडकं रूप. धरण मंजूर होतं, नारळ फुटतो, दोन पावसाळे मुरूम टाकण्यात जातात, मग भूसंपादन अडतं, दर वाढतात आणि फाईल पुन्हा मुंबईचा रस्ता धरते. परत येताना तिच्या अंगावर नवा आकडा असतो. पूर्णा नदीवरच्या जिगाव प्रकल्पाचा मूळ अंदाज 394 कोटींचा होता. पुढं तो 13,874 कोटींवर गेला, म्हणजे पस्तीसपट. वऱ्हाडातला माणूस असा आकडा ऐकून चकित होत नाही. "झाली का सुप्रमा?" एवढंच विचारतो आणि बशीतला चहा संपवतो.

18 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं माणसाला अवकाशात नेणाऱ्या गगनयान कार्यक्रमाला जी मान्यता दिली, ती बघून मला हाच शब्द आठवला. डिसेंबर 2018 मध्ये हा कार्यक्रम 9,023 कोटींना मंजूर झाला होता. आता त्यात 11,170 कोटींची भर पडली आणि एकूण रक्कम 20,193 कोटी झाली. सव्वादोनपट. न्यायानं सांगायचं तर ही सगळीच वाढ काम रखडल्यामुळं झालेली नाही. कामाचा आवाकाही वाढवला गेला: डिसेंबर 2028 पर्यंत एकूण आठ मोहिमा, आणि भारतीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागाचं काम याच खात्यात. पण नवीन आकडा, नवीन मुदत आणि 'व्याप्ती वाढली' हे कारण, या तिन्ही गोष्टी आमच्या ओळखीच्या.

रॉकेट कसं उडतं, अंतराळवीरांच्या कुपीत हवा कशी खेळती ठेवतात, हा भाग समजावून सांगणारी पुस्तकं मराठीत आता बरी निघू लागली आहेत. पैसा कुठून येतो, कोण देतो आणि कधी काढून घेतो, याबद्दल मात्र आपण गप्प असतो. माणसाला अवकाशात पाठवण्याचं भवितव्य इंजिनापेक्षा तिथं जास्त ठरतं. आणि ते समजून घ्यायला, माझ्या मते, सिंचन प्रकल्पांच्या प्रदेशात वाढलेला माणूस चांगलाच तयार असतो.

एक जुनी गोष्ट आधी. 1969 हे साल घ्या. त्या वर्षी 20 जुलैला नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला. 15 ऑगस्टला इस्रोची स्थापना झाली. आणि 20 ऑक्टोबरला अकोल्यात कृषी विद्यापीठ सुरू झालं, जे आज डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावानं ओळखलं जातं. इस्रो आणि अकोल्याचं विद्यापीठ यांच्या जन्मात 66 दिवसांचं अंतर आहे. पंजाबराव ते बघायला नव्हते, 1965 मध्येच गेले. पण दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री राहिलेल्या या अमरावतीकर माणसाचं म्हणणं आणि विक्रम साराभाईंचं म्हणणं त्या काळात फार लांब नव्हतं. चंद्रावर, ग्रहांवर किंवा माणसाला अवकाशात पाठवण्याच्या बाबतीत श्रीमंत देशांशी बरोबरी करण्याचं स्वप्न आपण बघत नाही, असं साराभाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. उपग्रह हवेत ते शाळेसाठी, पावसासाठी, पिकासाठी. म्हणजे भारतात अवकाश कार्यक्रमाला पैसे मिळाले ते 'माणूस पाठवणार नाही' या बोलीवर. ही बोली कशी बदलली ते पुढं येईलच.

त्याच 1969 मध्ये तिकडं अमेरिकेतही 'हा पैसा गरिबांवर का नाही?' हा आपल्याकडचा प्रश्न विचारला जात होता. 15 जुलैला, अपोलो-11 सुटायच्या आदल्या दिवशी, मार्टिन ल्यूथर किंगचे सहकारी राल्फ अॅबरनथी काही गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांना घेऊन केप केनेडीच्या फाटकाशी आले. बरोबर खेचरांच्या गाड्या होत्या. आपल्याकडचा बैलगाडी मोर्चाच म्हणा. नासाचे प्रमुख थॉमस पेन स्वतः बाहेर येऊन त्यांना भेटले. उद्या बटण न दाबल्यानं गरिबी मिटणार असेल तर आम्ही बटण दाबणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी पेन बोलले. त्यांनी त्यातल्या काही कुटुंबांना उड्डाण बघायला मानाच्या जागाही दिल्या. अॅबरनथींनी अंतराळवीरांच्या सुखरूप परतीसाठी प्रार्थना केली. दोघंही भली माणसं, भेटही भली झाली. बटण अर्थातच दाबलं गेलं, आणि खेचरांच्या गाड्या आल्या वाटेनं परत गेल्या.

या प्रसंगाची खरी गंमत पुढची आहे. अॅबरनथी ज्या पैशासाठी भांडायला आले होते, तो तोवर आटायला लागला होता. नासाला 1966 मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातला शंभरात साडेचार डॉलरच्या आतबाहेर वाटा मिळत होता. पुन्हा कधीच तेवढा मिळाला नाही. आज तो शंभरात अर्ध्या डॉलरपेक्षाही कमी आहे. चंद्रावर नेणारं सॅटर्न-5 रॉकेट आणखी बनवायचं नाही, हे 1968 मध्येच ठरलं होतं. म्हणजे पहिलं पाऊल पडायच्या आधी कारखान्याला कुलूप लागायची तयारी झाली होती. 1970 मध्ये अपोलोच्या शेवटच्या तीन मोहिमा रद्द झाल्या. यातला एक डॉलरही त्या खेचरगाड्यांतल्या कुटुंबांकडं गेला, असं कुणी दाखवू शकलेलं नाही. वाचलेला पैसा गरिबाकडं जातो, ही समजूत तिथंही खोटी ठरली.

मग एवढा पैसा आला तरी कसा होता? केनेडींचं एक खासगी संभाषण ध्वनिमुद्रित झालेलं आहे, नोव्हेंबर 1962 मधलं, नासाचे तेव्हाचे प्रमुख जेम्स वेब यांच्याबरोबरचं. ते चाळीसेक वर्षांनी लोकांना ऐकायला मिळालं. त्यात केनेडी जवळजवळ वैतागून सांगतात की रशियाच्या आधी चंद्रावर पोचायचं आहे म्हणून हा खर्च, एरवी मला अवकाशात एवढा रस नाही. जाहीर भाषणात जे तारे, समुद्र, साहस होतं त्याच्या मागचा हिशोब हा होता. शत्रू होता, म्हणून पैसा होता. शर्यत जिंकली आणि शत्रू थंडावला, तसा पैसाही थंडावला.

शत्रू नसतानाही कार्यक्रम जगवायचा दुसरा मार्ग अमेरिकेनं शोधला, आणि तो आपल्याला अगदी जवळचा आहे: काम वाटून टाका. अपोलोच्या भरात सुमारे चार लाख माणसं आणि वीस हजार कारखाने, संस्था या कामाला लागल्या होत्या. आज चंद्रावर परत जाण्याच्या आर्टेमिस कार्यक्रमाचे, त्यातलं मोठं रॉकेट धरून, पुरवठादार अमेरिकेच्या सगळ्या पन्नास राज्यांत आहेत, आणि ते मुद्दाम तसं सांगितलं जातं. 2025 मध्ये ट्रम्प सरकारनं नासाचा खर्च सुमारे 24 टक्क्यांनी कापायचा आणि ते रॉकेट तिसऱ्या मोहिमेनंतर बंद करायचा प्रस्ताव मांडला. त्याच जुलैमध्ये त्याच पक्षाच्या काँग्रेसनं, टेक्सासच्या सिनेटर टेड क्रूझच्या पुढाकारानं, माणसांच्या मोहिमांसाठी दहा अब्ज डॉलरच्या घरात जादा रक्कम मंजूर करून टाकली. त्यात त्याच रॉकेटचा चौथ्या आणि पाचव्या उड्डाणाचा खर्च होता. आपल्या मतदारसंघातली शेड बंद पडू द्यायची नाही, हे आमदाराला सांगावं लागत नाही, तसं सिनेटरलाही लागत नाही.

तरीही कधी कधी कडेलोटावरून परत यावं लागतं. 23 जून 1993 रोजी अंतराळ स्थानकाचा कार्यक्रम बंद करावा असा प्रस्ताव अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात आला. बंद करा म्हणणारे 215, चालू ठेवा म्हणणारे 216. एका मतानं वाचलेलं ते स्थानक म्हणजे आजचं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, जिथं 2025 च्या आषाढात आपला शुभांशू शुक्ला राहून आला. त्याला पुढं स्थैर्य मिळालं तेही विज्ञानामुळं नव्हे. सोव्हिएत संघ फुटला होता, तिथले रॉकेट अभियंते बेकार होऊन भलत्या देशांच्या हाती लागतील ही भीती होती. त्यांना कामाला लावायला क्लिंटन सरकारनं रशियाला भागीदार करून घेतलं. एकेकाळी शत्रू म्हणून पैसा मिळवून देणारा देश आता भागीदार म्हणून मिळवून देऊ लागला.

चीनचं गणित निराळं. 21 सप्टेंबर 1992 रोजी तिथं माणसाला अवकाशात पाठवायचा कार्यक्रम मंजूर झाला, 2003 मध्ये यांग लिवेई जाऊन आला, 2022 मध्ये स्वतःचं स्थानक उभं राहिलं, आता 2030 पर्यंत चंद्राची गोष्ट आहे. निवडणूक नाही, विरोधी बाक नाही, सुप्रमा झाली तरी ती कुणाला कळत नाही. हा गुण म्हणायचा की दोष, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आता आपल्याकडं. साराभाईंच्या बोलीनं इस्रो तीन दशकांहून जास्त चालली. राकेश शर्मा एप्रिल 1984 मध्ये गेला तो सोव्हिएत यानातून, सोव्हिएत मैत्रीच्या खात्यातून. आपलं रॉकेट, आपली कुपी असं त्यात काही नव्हतं. बोली बदलायला सुरुवात झाली ती 2006 मध्ये, आणि हे साल वऱ्हाडानं विसरू नये असं आहे. त्या वर्षीच्या 1 जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा करून अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. निम्म्याहून जास्त रक्कम सिंचनासाठी होती. चार महिन्यांनी, 7 नोव्हेंबर 2006 रोजी, बंगळुरूत देशातले सुमारे ऐंशी शास्त्रज्ञ जमले आणि भारतानं स्वतःच्या बळावर माणूस अवकाशात पाठवावा, यावर त्यांचं एकमत झालं. एका वर्षात, एका सरकारच्या काळात, दोन्ही.

त्या एकमताचं पुढं काय झालं? भिजत घोंगडं. दोनेक वर्षांनी 12,400 कोटींचा प्रस्ताव तयार झाला, नियोजन आयोगानं मान डोलावली, पण मंत्रिमंडळापर्यंत पूर्ण मंजुरी म्हणून तो गेलाच नाही. 2018 पर्यंत या कामावर खर्च झाले ते अवघे 173 कोटी. त्या काळात इस्रोनं जे केलं ते मात्र बघण्यासारखं आहे. जानेवारी 2007 मध्ये एक छोटी कुपी बारा दिवस कक्षेत फिरवून बंगालच्या उपसागरातून सुखरूप उचलली. डिसेंबर 2014 मध्ये माणसं बसतील एवढी कुपी रॉकेटवरून वर नेऊन समुद्रात उतरवली. जुलै 2018 मध्ये संकटकाळी कुपीला रॉकेटपासून ओढून काढणाऱ्या यंत्रणेची पहिली चाचणी झाली. हा 173 कोटींचा काळ मला पुढच्या वीस हजार कोटींपेक्षा जास्त शिकवून जातो. मंजुरी नसताना काम जिवंत कसं ठेवायचं, लहान लहान तुकड्यांत कसं करायचं, हे त्यात आहे. ठेकेदार लोकांना हे जमत नाही, शेतकऱ्याला जमतं.

मग 15 ऑगस्ट 2018. पंतप्रधान नरेंद्र मोदींनी लाल किल्ल्यावरून सांगितलं की 2022 पर्यंत भारताचा मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या यानातून अवकाशात जाईल. मंत्रिमंडळाची मान्यता आली 28 डिसेंबरला. आधी नारळ, मग मंजुरी. आमच्याकडं भूमिपूजनाची कोनशिला पुष्कळदा अशीच प्रशासकीय मान्यतेच्या पुढं पळते. लोकसभेची निवडणूक पुढच्या उन्हाळ्यात होती, हे कुणाला सांगायला नको. आणि आकडा बघा. दहा वर्षांपूर्वी 12,400 कोटी मागितले होते, मिळाले 9,023. मधल्या काळात सगळं महाग झालं आणि यान मात्र स्वस्त. कार्यक्रमाचा आराखडाही बदलला होता हे खरं, तरी जलसंपदा खात्यातला कुणीही निवृत्त अभियंता हे वाचून मिशीत हसेल. पहिला आकडा मंजुरी मिळवण्यासाठी असतो, दुसरा काम करण्यासाठी.

मुदतही तशीच सरकत गेली. 2022 गेलं, मध्ये कोरोनाची दोन वर्षं होती. 2024 गेलं. 2025 मध्ये इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन पहिल्या मानवी उड्डाणासाठी 2027 च्या सुरुवातीची भाषा करत होते. उशिराचं एक कारण समजून घेण्यासारखं आहे. कुपीतली हवा शुद्ध ठेवणारी, कर्ब वायू शोषून घेणारी, ओल आणि ताप सांभाळणारी यंत्रणा बाहेरून विकत घ्यायचा विचार होता. ती कुणी दिली नाही. शेवटी घरीच बनवायला घ्यावी लागली.

खर्च कुठं होतो ते डोळ्यांनी बघायचं असेल तर 21 ऑक्टोबर 2023 ची श्रीहरिकोट्याची सकाळ आठवा. रॉकेट सुटायला पाच सेकंद उरले असताना संगणकानं उड्डाण रोखलं. दोष शोधून, दुरुस्त करून, दहा वाजता ते सुटलं. साधारण बारा किलोमीटर उंचीवर, रॉकेट बिघडलं असं समजून, कुपी त्याच्यापासून ओढून काढली गेली, सतरा किलोमीटरपर्यंत गेली, एकामागून एक हवाई छत्र्या उघडल्या आणि ती किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर समुद्रात पडली. नऊ मिनिटांचा खेळ, आत माणूस नाही, कक्षेत जाणं नाही. नौदलाचे पाणबुडे पोचले तेव्हा कुपी पाण्यात उलटी तरंगत होती. चाचणी यशस्वीच होती, कारण तिला सुलटी करणारी यंत्रणा त्या खेपेला बसवलेलीच नव्हती. पण आत तिघं असते तर? या 'तर'ला पैसा लागतो. चांद्रयान-3 सगळं मिळून 615 कोटींत चंद्रावर उतरलं, कारण त्याला परत यायचं नव्हतं आणि श्वास घ्यायचा नव्हता. तीन माणसं, तीन दिवस, चारशे किलोमीटर उंची, आणि त्याभोवतीचा सगळा कार्यक्रम, स्थानकाचा पहिला भागही धरून, यासाठी त्याच्या तेहतीसपट रक्कम लागते; तिचा बराचसा भाग ही 'तर'ची किंमत आहे.

या पैशात महाराष्ट्राचा वाटा आहे. गगनयानाच्या रॉकेटचे भाग मुंबईत पवईला आणि इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला तयार होतात. इंजिनांसाठी विक्रोळीच्या गोदरेजचं नाव जुनं आहे. वऱ्हाडाचं म्हणाल तर 2023 च्या पावसाळ्यात, चांद्रयान-3 च्या वेळी, खामगावचं नाव पेपरात झळकलं होतं. चांदीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या गावातून यानासाठी चांदीच्या नळ्या आणि उष्णता अडवणारं कापड गेल्याच्या बातम्या होत्या. गाव आठ दिवस खूश होतं. पण अमेरिकेसारखं इथं होत नाही. खामगावच्या त्या कामावरून बुलढाण्याचा खासदार निवडून येत नाही की पडत नाही. लोकसभेत अवकाश विभागाच्या मागण्यांवर चर्चाही क्वचितच होते. इतर बहुतेक खात्यांबरोबर त्या चर्चेविनाच एकगठ्ठा मतदानानं मंजूर होतात. आपल्याकडं या कार्यक्रमाचा आधार कारखान्यांची साखळी नाही. तो आहे लोकांचं कौतुक आणि एका नेत्याची घोषणा. दोन्ही मोठ्या शक्ती आहेत, पण दोन्ही लहरी आहेत.

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी, शुक्ला परत आल्यावर काही दिवसांनी, मी या विषयावर बोलायला गेलो होतो. खारपाणपट्ट्यातलं गाव, विहिरीचं पाणी मचूळ. बोलणं संपल्यावर मागं बसलेले एक कास्तकार उभे राहिले. "सर, थे सगळं ठीक हाय. पन मानूस वर गेला म्हनजे माह्या वावरात पानी येईन काय?" सगळे हसले. मी हसलो नाही, कारण हा प्रश्न अॅबरनथींचा होता.

माझ्याकडं तयार उत्तर होतं आणि मी ते दिलं. 2025-26 मध्ये अवकाश विभागाला 13,416 कोटी मिळाले; केंद्राच्या शंभर रुपयांतले सव्वीस पैसे. खतांचं अनुदान त्याच्या बारापटीहून जास्त. पीएम-किसानचे सहा हजार तुमच्या खात्यात येतात, त्या एका योजनेचा खर्च अवकाशाच्या जवळजवळ पावणेपाचपट. गगनयानाचे सगळे पैसे देशात वाटले तर दहा वर्षांत माणशी 144 रुपये. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग देऊन टाका नं माहे 144." पुन्हा हशा. उत्तर चोख होतं. माणशी भागाकार केला की कोणताही खर्च स्वस्त दिसतो, धरणाचाही आणि पुतळ्याचाही. हा हिशोब मी तेव्हापासून भाषणात वापरत नाही.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "त्या पोरानं वर मूग नेला म्हनता, थो उगवला काय?" उगवला होता. शुक्लानं धारवाडच्या शास्त्रज्ञांचा प्रयोग म्हणून मूग आणि मेथीचं बी स्थानकावर बशीत भिजवलं होतं, मोड आले होते, ते शीतपेटीत ठेवून तपासणीसाठी खाली आणले गेले. "मोड तं आमच्या घरी वाटीतबी येतात," ती म्हणाली. मी म्हटलं, यानातल्या त्याच्या त्या एका जागेसाठी, प्रशिक्षण धरून, साडेपाचशे कोटी रुपयांच्या आसपास खर्च आला. यावर कुणी काही बोललं नाही. जून 2025 मध्ये तो सुटला तेव्हा आर्द्रा नक्षत्र लागून तीन-चार दिवस झाले होते, आणि समोर बसलेल्या सगळ्यांनी त्याच दिवसांत तोच मूग काळ्या मातीत टाकला होता.

त्या कास्तकाराचा प्रश्न मी घरी घेऊन आलो आणि बरेच दिवस उलटसुलट करून पाहिला. माझं आजचं मत असं आहे: प्रश्न खरा आहे, पण तो ज्याला विचारायचा तो पत्ता चुकतो. गगनयान रद्द झालं तर ते पैसे जिगावला येणार नाहीत, जसे अपोलोचे पैसे खेचरगाड्यांकडं गेले नाहीत. जिगाव अडलं आहे ते पुनर्वसन, भूसंपादन आणि मुंबईतल्या फायलींमुळं. गगनयानाची खरी स्पर्धा आहे ती त्याच्याच घरातल्या भावंडांशी. म्हणजे पावसाचा उपग्रह, पीक बघणारा उपग्रह, नागपूरच्या सुदूर संवेदन केंद्रासारख्या ठिकाणी बसून त्या चित्रांतून तालुक्याचा नकाशा काढणारी माणसं. साराभाईंच्या जुन्या बोलीतली कामं.

ही दोन्ही कामं एका माणसाच्या आयुष्यात कशी बसतात याचं उदाहरण मराठीतच आहे. पुण्याचे वसंत गोवारीकर. रॉकेटचं घन इंधन बनवण्यात अर्धं आयुष्य गेलं, तिरुअनंतपुरमच्या अंतराळ केंद्राचे संचालक झाले, आणि नंतर दिल्लीत बसून मोसमी पावसाचं सोळा घटकांचं प्रारूप उभं केलं. म्हातारपणी खतांचा ज्ञानकोश लिहिला. रॉकेट, पाऊस, खत. अकोल्याच्या माणसाला याहून चांगला शास्त्रज्ञ कुठला पाहिजे!

म्हणून 2024 च्या सप्टेंबरमधल्या दोन तारखा शेजारी ठेवून बघा. 11 सप्टेंबरला मंत्रिमंडळानं 'मिशन मौसम' मंजूर केलं: रडार, उपग्रह, संगणक, हवामानाचा अंदाज गावाच्या जवळ आणायचा, दोन वर्षांत 2,000 कोटी. बरोबर आठवड्यानं गगनयानाला 11,170 कोटींची वाढ. पहिली बातमी आमच्याकडं कुणाच्या लक्षातही नाही. आर्द्रात पेरावं की थांबावं, दुबार पेरणीचं बियाणं घरात ठेवावं की नाही, हे ज्याच्यावर ठरतं ती ही बातमी. मला गगनयान हवं आहे, मी ते लपवत नाही. तीन भारतीय आपल्या कुपीतून समुद्रात उतरतील त्या दिवशी मी पेढे वाटीन. पण या दोन आकड्यांचं प्रमाण मला पटत नाही. कास्तकारानं भांडायचं असेल तर इथं भांडावं.

पुढचा रस्ता सरळ नाही. 2035 पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक आणि 2040 पर्यंत चंद्रावर भारतीय, ही उद्दिष्टं जाहीर झाली आहेत. 2024 ची मंजुरी स्थानकाच्या पहिल्या भागापुरती होती. उरलेले भाग आणि माणसाची चांद्रमोहीम ही पुढच्या मंजुऱ्यांची कामं. 2040 च्या आधी 2029, 2034 आणि 2039 अशा तीन लोकसभा होतील, सरकार मध्येच पडलं नाही तर. अपघाताची शक्यताही धरावी लागते. फेब्रुवारी 2003 मध्ये अमेरिकेचं कोलंबिया शटल कोसळलं, कल्पना चावला आणि तिचे सहा सोबती गेले. अमेरिकेनं त्यानंतर शटलच मोडीत काढायचं ठरवलं, आणि 2011 पासून नऊ वर्षं तो देश रशियाच्या यानात तिकीट काढून जात होता. एका सकाळी कार्यक्रमाचं नशीब फिरतं. आपल्या पहिल्या उड्डाणाला एवढा उशीर होतो आहे याचं मला म्हणूनच फारसं वाईट वाटत नाही. घाई कुणी केली तर ती निवडणुकीसाठी होईल, आणि ती तेवढी होऊ नये.

या सगळ्याचा माग ठेवायला फार काही लागत नाही. दर फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो, तो फुकट वाचायला मिळतो. अवकाश विभागाच्या पानावर घोषणा वाचू नका. शेजारी 'सुधारित अंदाज' नावाचा रकाना असतो, तो वाचा. 2023-24 मध्ये, ज्या वर्षी चांद्रयान उतरलं आणि सगळा देश नाचला, त्या वर्षी या विभागाला आधी 12,544 कोटी दाखवले होते. त्या रकान्यात ते 11,070 झाले.